काहिलीतली आंघोळ

"गूळ करतीस काय गं, विजू?"

हौसाकाकू कुंपणावरून विचारत होती आणि मी तिच्याच गुऱ्हाळाची काहील राखेनं घासत बसले होते.

"गूळ कसला काकू. सासऱ्यांना आंघोळ घालायचीय."

"काहिलीत?"

"काहिलीत."

काकूनं कमरेवर हात ठेवून मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "काल उन्हातनं हिंडलीस काय?"

तिचंही बरोबर होतं. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, माणूस पाय पसरून बसेल एवढी रुंद आणि गुडघ्याएवढी खोल. गावचा सगळा ऊस कारखान्याला जायला लागला, काकूचं गुऱ्हाळ बंद पडलं, आणि ही काहील आमच्या दोघींच्या परड्यांमधल्या कुंपणाजवळ पालथी पडली. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालायच्या. ती उताणी करायला सकाळी मला आळीतल्या चारजणी बोलवाव्या लागल्या, आणि चौघींनीही काकूचाच प्रश्न विचारला. मी प्रत्येकीला हसून वेळ मारून नेली.

माझे सासरे म्हणजे हिंदुराव वस्ताद. आमचं गाव पंचगंगेच्या काठचं, कोल्हापूरपासून जवळच, आणि गावात देवळाइतकाच मान तालमीला. ती तालीम मामांनी उभं आयुष्य सांभाळली. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. नवरा, म्हणजे उत्तम, त्यांना आबा म्हणायचा. माझा बाप मी रांगत होते तेव्हाच गेला. फोटोसुद्धा नाही. लग्नात आईनं कानात सांगितलं होतं, सासऱ्यातच बाप बघ. आता बघायचा म्हणजे कसा, तर बाप समोर बसलेला आणि माझ्याशी अवाक्षर बोलायचा नाही. बायकांशी बोलायची त्यांना सवयच नव्हती. तहान लागली की सोप्यातल्या, म्हणजे ओसरीतल्या, खांबाकडं बघून म्हणायचे, "कुणी पाणी दिलं तर बरं हुईल." मग मी पाणी ठेवायचे आणि खांबालाच सांगायचे, "ठेवलंय." माझं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, याचीच मला शंका होती. सासूबाई होत्या तोवर त्या मधे असायच्या. त्या गेल्यावर खांब उरला.

तालमीत तर बायकांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची सोयच नव्हती. कुस्तीच्या हौद्यात दरवर्षी नवी लाल माती घालतात, तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबं पिळून ती मळतात. लिंबं आमच्या घरची. मी टोपली घेऊन जायचे, उंबऱ्याबाहेर ठेवायचे, आणि बाबालाल आतून येऊन उचलून न्यायचे. बाबालाल मुल्लाणी हे मामांचे लहानपणापासूनचे जोडीदार. दोघं एकाच हौद्यात वाढलेले. टोपली ठेवून मी क्षणभर तिथंच रेंगाळायचे, कारण आतून जो वास यायचा ना, ओल्या मातीचा आणि लिंबाचा, तो मला फार आवडायचा. तेवढंच माझं तालमीशी नातं.

मग मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. त्या दिवसापासून त्यांनी तालमीचं तोंड बघितलं नाही आणि तालमीतल्या पोरांना घरी येऊ दिलं नाही. "पोरांनी वस्तादाला पडल्यालं बघू ने," एवढंच म्हणाले. आंघोळ घालायला बाबालाल यायचे. मोरीचं दार लावून घ्यायचे आणि आतून दोघांच्या शिव्या आणि हसणं ऐकू यायचं. उत्तमच्या हातून कधीमधी ते आंघोळ करून घ्यायचे, पण उत्तम ट्रक चालवायचा, बंगळूर, चेन्नई. तो घरी पाहुण्यासारखा.

आणि एका सकाळी बाबालाल स्वतःच्याच अंगणात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. लेकीनं त्यांना मिरजेला नेलं.

तिथून सगळं बिघडत गेलं. उत्तमनं इचलकरंजीहून एक माणूस पगारावर आणला, आजारी माणसांचं करणारा. चांगला होता बिचारा. मामांनी डाव्या हातातली काठी अशी काही फिरवली की तो चप्पल तिथंच टाकून पळाला. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. पैलवानाचा लंगोट. ती गाठ दुसऱ्या कुणी सोडायची नाही. सोडली तर बरोबरीच्या जोडीदारानं. एका हातानं त्यांना ती मोरीत उभं राहून सोडता येईना, आणि दुसऱ्याला ते हात लावू देईनात. उत्तम फेरीवर गेलेला. मामा तोंड आणि हातपाय पुसून घ्यायचे, आणि तोच ओला, घामट लंगोट दिवसामागून दिवस अंगावर.

त्यांना कण्हताना ऐकून शेवटी मी डॉक्टरांना घरी आणलं. मला बाहेर पाठवून त्यांनी लंगोटाची गाठ न सोडता जमेल तेवढं तपासलं आणि अंगणात येऊन सांगितलं.

"जांघा आणि पाठीचा खालचा भाग लालभडक झालाय. अजून कातडी फुटलेली नाही. रोज स्वच्छ आंघोळ, कोरडं अंग आणि तो लंगोट बंद. हे झालं नाही तर जखमा होतील, आणि मग मला त्यांना दवाखान्यात ठेवावं लागेल."

खिडकीतून खांबाला उद्देशून आवाज आला, "दवाखान्यात न्हाई जायाचं. तिथनं सासूबाई परत आली न्हाई तुमची."

सासूबाई, म्हणजे त्यांची बायको. तसाच होता तो दवाखाना त्यांच्या लेखी. गेलेलं माणूस परत न येणारा. डॉक्टर गेल्यावर मी चुलीपुढं बसले. आंघोळ मी घालायची म्हटलं तर सासऱ्याच्या अंगाला सुनेनं हात कसा लावायचा? आणि मी लाज सोडली तरी ते सोडणार होते का? ते लाजेपायी मरायला तयार होते. मला दिसत होतं ते. हा माणूस माझ्याशी धड बोललेला नाही, तरी माझ्या घरातलं एकुलतं एक मोठं माणूस तेवढंच होतं, आणि ते मला घालवायचं नव्हतं.

आता बाटलीचं सांगते.

घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर होतं. भुवया, फेशियल, लग्नसराईत नवरीचा मेकअप. पार्लरचं सामान घेऊन कोल्हापूरहून नूतन नावाची एक बडबडी पोरगी यायची. त्याच आठवड्यात ती आली आणि टेबलावर एक नारिंगी बाटली ठेवली.

"ताई, नवीन आयटम. बबल बाथ. लिंबू आणि संत्र्याच्या वासाचा. टबात एक टोपण टाकायचं, की फेसच फेस. फुकट देते, वापरून बघा आणि कसा वाटला ते सांगा."

"अगं, आमच्या गावात टब म्हणजे धुणं भिजवायचा," मी म्हटलं. "त्यात बसायचं कसं? एक पाय आज, एक पाय उद्या?"

नूतन हसत हसत गेली. बाटली राहिली. मी टोपण उघडून वास घेतला. खरंच लिंबाचा होता, नुसता साबणाचा नव्हता. मग सहज चित्र बघितलं. एक गोरी बाई टबात बसलेली. फेसातून नुसतं मुंडकं आणि एक हात वर. बाकी काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी ते चित्र बराच वेळ बघत बसले. समोर भुवया करायला आलेली बाई म्हणाली, "विजूताई, दोरा धरा की." मी कशीबशी तिच्या भुवया आटोपल्या आणि बाटली घेऊन थेट सोप्यात गेले.

मामा कॉटवर उशीला टेकून बसले होते. मी बाटली त्यांच्यापुढं धरली. खांबाकडं बघितलंच नाही.

"मामा, एक विचारू? ह्या बाईच्या अंगावर कपडे हायत का न्हाईत, सांगा बघू."

त्यांच्या कपाळाची शीर उठली. "कसली चित्रं दावतीस मला?"

रागात का होईना, पण बोलले ते मला बोलले. मी हलले नाही.

"न्हाई, सांगा तर खरं."

त्यांनी नाइलाजानं बघितलं. डोळे बारीक करून बघितलं. मग मान फिरवली. "कळत न्हाई."

"मलाबी कळत न्हाई," मी म्हटलं. "मग तुमचंबी कुणाला कळणार न्हाई. तुम्ही फेसात बसायचं. गाठ तुमची तुम्ही सोडायची. खालचं सगळं तुमच्या हातानं धुवायचं. मी फक्त पाठ चोळणार, मागं बसून. पाठ तर आख्ख्या जिल्ह्यानं बघितलीया तुमची मैदानात."

मी बाटली कॉटच्या शेजारी कोनाड्यात ठेवली आणि निघाले. दारात थांबून म्हटलं, "एवढा मोठा टब कुठनं आणायचा, तेवढाच प्रश्न हाय."

दिवसभर गप्प. रात्री जेवले, गप्प. सकाळी चहा दिला तेव्हा बशी खाली ठेवून ते खांबाला म्हणाले, "हौसाबाईची काहील परड्यात पालथी पडलीया."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

तर असं करून ती काहील उताणी झाली. मी हौसाकाकूला हे सगळं कुंपणाशी उभं राहून सांगितलं. तिनं कमरेवरचा हात काढला, साडीचा काष्टा घट्ट केला आणि कुंपण ओलांडून आली.

"व्हय बाजूला. राखेनं न्हाई निघत ती. वीट आण."

दोघींनी मिळून काहील चकचकीत केली. परड्यात तीन दगडांवर मोठं पातेलं ठेवून पाणी तापवलं. चैत्रातलं ऊन, लोखंड आपोआप गरम. भोवती जुनी धोतरं बांधून आडोसा केला. काहिलीत बसायला लाकडी पाट, बाहेर पाय द्यायला दोन चिरे. मामांना खुर्चीवर बसवून आणलं. कमरेला लुंगी, आत लंगोट, खांद्यावर चादर. ते कुणाकडं बघत नव्हते. हौसाकाकूकडं तर नाहीच.

"वस्ताद," काकू म्हणाली, "मला बघून लाजू नगा. माझा मालक आठ वर्सं हातरुणाला हुता. मी सगळं बघून बसलीया."

"बोलू नगं," मामा म्हणाले. पण काठी उचलली नाही.

आम्ही दोघींनी दोन्ही बगलांत खांदे दिले. डावा पाय त्यांनी स्वतः चिऱ्यावर ठेवला, उजवा मी उचलून आत घेतला. पाटावर बसले. पाणी छातीच्या खाली आलं. मग मी बाटली घेतली, अगदी नूतननं सांगितल्याप्रमाणे टोपण काठोकाठ भरलं आणि पाण्यात टाकलं. हातानं ढवळलं.

काही नाही. चार बुडबुडे आले आणि मामांच्या लुंगीपाशी फुटून गेले. पाणी स्वच्छ, तळ दिसत होता. लुंगी पाण्यात फुगून वर आली होती आणि मामा ती डाव्या हातानं दाबून धरत होते. मी अजून एक टोपण टाकलं. पुन्हा तेच. नितळ पाण्यात दोन बायांपुढं बसलेला वस्ताद. त्यांची मान खाली गेली. एवढी खाली मी ती कधी बघितली नव्हती.

"ने मला आत," ते म्हणाले. आवाज अगदी हळू. "बास झालं. आत ने."

त्या क्षणी मला कळलं, हे आता आत गेले की परत कधी तयार होणार नाहीत. पुन्हा चित्र दाखवून भागणार नाही.

"काकू, मोटर चालू कर," मी म्हटलं.

"आन् आता मोटर कशाला?"

"कर गं तू."

मी विहिरीच्या मोटरचा पाइप ओढून काहिलीच्या काठावर धरला आणि दुसऱ्या हातानं बाटली उपडी केली. सगळी. थेंब न् थेंब. तेवढ्यात मोटर लागली आणि पाइपातून धार आली ती उसाला सोडतात तशी, जाडजूड. ती धार त्या द्रावणावर पडली आणि जे काय उसळलं म्हणून सांगू. धारेखाली ओतायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फेस वर आला, मामांच्या पोटापर्यंत, छातीपर्यंत, मग खांद्यापर्यंत. मग काठावरून बाहेर. काकूच्या कोंबड्या ओरडत कुंपणापलीकडं गेल्या. काकू मोटर बंद करून धावत आली तर तिच्या पायाशी फेस.

"अगं आई," ती म्हणाली, "रस उतू गेला की."

मामांचं नुसतं डोकं दिसत होतं. पांढऱ्या फेसात पांढऱ्या मिशा. ते चित्रातल्या बाईसारखे बसले होते, आणि मी ओठ दाताखाली धरून हसू दाबलं. काकूला दाबता आलं नाही. ती आडोशाच्या बाहेर जाऊन हसली.

मी गरम पाण्याची कळशी हळूच कडेनं सोडली आणि मागं जाऊन स्टुलावर बसले, पाठमोरी. वाट बघितली. फेसात थोडी खळबळ झाली. ते एका हातानं खटपट करत होते, धापा टाकत होते, मधेच कण्हत होते. मी वळले नाही. खूप वेळानं माझ्या शेजारी मातीत काहीतरी ओलं पडलं. आधी लुंगी. मग, थोड्या वेळानं, लंगोट.

मी तो उचलला आणि बादलीत टाकला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, ते मी फेसाच्या हातानंच पुसलं आणि मग डोळे जळाले ते वेगळंच.

"कुणी मळली?" मामा म्हणाले.

"काय, मामा?"

"माती. नवी माती मळल्यागत वास येतोय." ते मोठमोठे श्वास घेत होते. "लिंबू ताजं हाय."

"ह्या बाटलीचा वास हाय तो."

"हां?" ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं म्हणाले, "पाठ."

मी वळले आणि त्यांच्या पाठीला हात लावला. एवढी रुंद पाठ मी कधी जवळून बघितली नव्हती. झटक्यानंतर उजवीकडचं मांस उतरलं होतं, पण डावीकडं अजून मुठीत न मावणारे स्नायू होते. मी हळूहळू चोळायला लागले, फेशियल करताना गालावर फिरवतो तसा हात फिरवत.

"कापसानं पुसतीयास काय?" ते म्हणाले. "जोर लाव. बाबालाल रगडतोय."

मी गुडघा टेकवून जोर लावला.

"आता कसं?"

"हां. आता जमलं."

पाठीवर हात फिरवताना मला आईचं बोलणं आठवलं. माझ्या मैत्रिणी लहानपणी दिवाळीला बापाची पाठ चोळायला मोरीत जायच्या, सगळ्या भावंडांचं भांडण व्हायचं कुणी तेल लावायचं म्हणून. मी बाहेर उभी राहून ऐकायचे. हे मी मामांना कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. नुसता जोर लावत राहिले.

फेस बसायला लागला तेव्हा मी मोठा पंचा घेऊन पुढं गेले, तोंड बाजूला करून. मामा म्हणाले, "थांब." त्यांनी डावा हात फेसात घातला, मूठभर फेस घेतला, आधी स्वतःच्या कपाळाला लावला, मग हात पुढं करून माझ्या कपाळाला लावला. अगदी गंभीर चेहऱ्यानं. मला वाटलं, एवढ्या दिवसांनी अंग हलकं झालं, म्हातारा मजेत आलाय.

"मामा, रंगपंचमी झाली की," मी म्हटलं.

मी कपाळ पुसलं नाही, हात मोकळे कुठं होते. काकूला हाक मारली, पंचाच्या आडून त्यांना उभं केलं, गुंडाळलं, खुर्चीवर बसवलं. डॉक्टरांनी दिलेली पावडर त्यांनी स्वतः लावली. त्या दुपारी ते संध्याकाळपर्यंत झोपले. त्यांच्या घोरण्यानं पार्लरमधल्या बायका हसत होत्या आणि मी त्यांना सांगत होते, हसा, पण हळू हसा.

पुढच्या आठवड्यात नूतन आली. "कसा वाटला ताई?"

"फेस चांगला हाय," मी म्हटलं. "पण एका टोपणात काय होत नाही बघ. आम्हाला बाटली लागते."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मी तिच्याकडं असतील तेवढ्या बाटल्या मागवल्या. रोजची आंघोळ काहिलीत सुरू झाली आणि पुढं धारेखाली ओतायचं तंत्र हौसाकाकूनं इतकं बसवलं की थोडक्यात भागायला लागलं. कातडी फुटली नाही. लाली गेली. डॉक्टर बघून म्हणाले, छान. मामा दवाखान्यात गेले नाहीत. तेव्हाच काय, पुढंही कधी नाहीत. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले आणि स्वतःच्या कॉटवर, खांबाकडं तोंड करून गेले. त्या नारिंगी बाटलीचे, त्या बडबड्या नूतनचे आणि काकूच्या काहिलीचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण सगळ्यात जास्त उपकार मामांचेच. करणाऱ्याला करू देणं हे त्यांच्यासारख्या माणसाला किती जड गेलं असेल, ते आता माझे स्वतःचे गुडघे दुखायला लागल्यावर मला कळतं.

कपाळाच्या फेसाचं मात्र मी विसरून गेले होते.

त्या वर्षी नागपंचमीच्या आधी तालमीत नवी माती घालायची ठरली. बाबालाल वॉकर घेऊन का होईना मिरजेहून परत आले होते. आदल्या दिवशी मामा खांबाला म्हणाले, "मला तालमीत जायाचं हाय." उत्तम घरी होता, तो बघतच राहिला. झटक्यानंतर पहिल्यांदा. सकाळी पोरं आली आणि खुर्चीसकट त्यांना उचलून घेऊन गेली. पडलेला वस्ताद पोरांनी बघितला आणि एकेकानं येऊन पाया पडून घेतलं.

मी मागून लिंबांची टोपली घेऊन गेले. नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर ठेवली आणि उभी राहिले. आतून तोच वास आला.

"लिंबं आली, वस्ताद," बाबालाल आतून म्हणाले आणि वॉकर सरकवत दाराकडं यायला लागले.

"लिंबं काय चालत आली?" मामांचा आवाज आला. मग थोडं थांबून, जड जिभेनं, पण प्रत्येक अक्षर सुटं सुटं करत: "विजयमाला."

मी आजूबाजूला बघितलं. दुसरं कुणी नव्हतं. नाव माझंच होतं.

"भाईर का थांबलीस? आत ये. लिंबं तूच पिळ."

तालमीतले एक जुने पैलवान, पोरांपेक्षा वयानं मोठे, खाकरून म्हणाले, "वस्ताद, बाईमाणूस हौद्यात… आजवर कधी न्हाई."

"बाईमाणूस म्हणून न्हाई येत ती," मामा म्हणाले. "तालमीतलं माणूस हाय. माती लावलीया मी तिला."

"माती?" बाबालाल थबकले. "कवा?"

"उन्हाळ्यात. काहिलीत."

बाबालाल माझ्याकडं वळले. त्यांना आंघोळीची गोष्ट माहीत होती, सगळ्या गावालाच माहीत होती. ते उंबऱ्याशी आले आणि हळूच विचारलं, "काय लावलं गं त्यांनी तुला?"

"फेस," मी म्हटलं. "कपाळाला."

"आदी कुणाच्या?"

"आधी त्यांच्या. मग माझ्या."

बाबालालांनी वॉकरवरचा एक हात सोडला आणि डोळ्यांवरून फिरवला. "नव्या पोराला तालमीत घेताना असंच लावतो आमी, पोरी. आदी वस्तादाच्या कपाळाला, मग पोराच्या. मी एवढासा हुतो तवा आमच्या वस्तादानं लावली मला. त्या दिसापास्नं माझ्या शाळेच्या दाखल्यावर बाप वेगळा आन् तालमीत बाप वेगळा. माती लावणाऱ्याला आमी बापच मानतो."

मी चपला काढल्या. उंबऱ्याला हात लावला आणि आत पाऊल टाकलं. माती गार होती आणि पायाखाली खचत होती. पोरांनी वाट दिली. मामा हौद्याच्या काठाशी खुर्चीत बसले होते, डावा हात मांडीवर, आणि माझ्याकडं बघत होते. खांबाकडं नाही; तालमीत भरपूर खांब होते.

मी टोपली खाली ठेवली, पहिलं लिंबू चिरलं आणि मुठीत धरलं. कितीतरी वर्षं मी ही लिंबं आणत होते, पण किती पिळायची ते मला कधी कळलं नव्हतं.

"किती पिळू, आबा?" मी विचारलं.

त्यांच्या मिशा हलल्या. "पिळत ऱ्हा," ते म्हणाले. "मी सांगतो कवा थांबायचं ते."